टायर घेताना आधी रस्ता मोजा

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून हा माणूस आज टायरवर काय बोलणार, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. मी भावावरच बोलणार आहे. भाव बाजारात मिळतो आणि कापूस शेतात असतो. मधल्या वाटेवर जे जाते ते आपल्याच भावातून वजा होते.

पिकअपवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न काय असतो? कापूस किती, हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, "गाडी कुठवर येते?" डांबरापर्यंत एक भाडे आणि शेतापर्यंत दुसरे. गावात खरेदीला येणारा व्यापारीही हे ओळखून असतो. पाऊस पडून गेला, पाणंद बंद झाली, घरात कापूस पडून आहे आणि माणूस अडला आहे, हे कळले की तो काट्याआधी भाव पाडतो. म्हणून वाहतूक हा भावाचाच प्रश्न आहे.

आता आपल्यातलीच काही पोरे कर्ज काढून पिकअप, छोटा हत्ती, ४०७ घेत आहेत. चांगली गोष्ट आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत यातल्या कित्येक गाड्या शिवारात रुतल्या. मग पोरगा टायरच्या दुकानात जातो. दुकानदार मोठ्या दातांचा टायर दाखवतो आणि सांगतो, "हा घाला, चिखलात कुठेही जाईल." हा टायर घ्यावा की घेऊ नये? घेण्याआधी हिशेब करा.

समजा, गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालते. शिवारात १५० खेपा होतात आणि दर खेपेला जाऊन-येऊन ४ किलोमीटर कच्ची वाट. म्हणजे ६०० किलोमीटर. शंभरातले तीन. या तीनसाठी घातलेला दातांचा टायर उरलेले सत्त्याण्णव किलोमीटर डांबरावर घासणार. तो लवकर झिजतो, जास्त तापतो आणि डिझेलही जास्त खातो. तुमचा आकडा वेगळा असेल. तो काढा आणि मगच दुकानात जा.

टायरच्या नक्षीचे ढोबळ तीन प्रकार. पहिला सरळ उभ्या रेघांचा. हा डांबरावर हलका चालतो, वळणावर गाडी धरून ठेवतो, म्हणून पुढच्या चाकाला योग्य. चिखलात मात्र रेघा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. दुसरा आडव्या जाड दातांचा. चढावर, मुरमावर, भरल्या गाडीला ओढ देतो, म्हणून मागच्या चाकाला. तिसरा मिश्र. मध्ये रेघा, दोन्ही कडांना दाते. अहमदपूर-उदगीरकडचा बालाघाटाचा माळ, किनवट-माहूरचे घाट अशा मुरूम-दगडाच्या वाटेवर रोज जाणाऱ्या गाडीला पुढे रेघांचा आणि मागे मिश्र टायर ही साधारण बरी जोडी. मुरमाच्या खाणीवर चालणाऱ्या टिपरला मागे पूर्ण दातांचा.

नायलॉन की रेडियल, हा दुसरा प्रश्न. रेडियल कमी तापतो, जास्त चालतो, डिझेल वाचवतो, पण त्याची बाजू पातळ असते. दगडाने बाजू फाटली की टायर गेला. नायलॉनची बाजू जाड असते, ओबडधोबड वाट सोसते आणि दुरुस्ती स्वस्तात होते. ज्याचा धंदा लांबच्या डांबरावर आहे त्याने रेडियल घ्यावा, ज्याचा दगडात आहे त्याने नायलॉन. एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन कधीही घालू नका.

आता आपली काळी. इथे मी माझीच फजिती सांगतो. मी शेतीचा पदवीधर, माती शिकलेला माणूस. एका ऑक्टोबरात मागे नवे दातांचे टायर घातलेला ट्रक मी भरवशाने कापसाच्या वावरात घालायला लावला. पाऊस होऊन चार दिवस झाले होते आणि वरची माती सुकलेली दिसत होती. वीस पावलांवर ट्रक आसापर्यंत बसला. दोन जोडटायरच्या मधली फट चिखलाने भरली आणि चार चाकांचे दोन लाटणे झाले. दोन ट्रॅक्टर लावून ओढून काढला. ओढाईचे पैसे गेले ते गेले, पण त्या चाकोरीवर पुढच्या रब्बीला ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही.

असे का झाले? ओल्या काळ्या मातीत टायर मातीवरून घसरत नाही. त्याच्या दातात माती घट्ट बसते आणि खालच्या मातीवरून ती मातीच घसरते. मातीतच दम नसेल तर दाते काय धरणार? ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे दाते उंच, तिरपे आणि लांब-लांब असतात ते याचसाठी, फिरताना चिखल झटकून टाकता यावा म्हणून. त्या टायरच्या बाजूवर बाणाची खूण असते. ती न बघता उलटा टायर बसवला तर चिखल झटकला जात नाही. घरी गेल्यावर आपापल्या ट्रॅक्टरचा बाण एकदा बघा.

दुसरे कारण हवेचे. टायरमध्ये जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. भरल्या ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते, वावरात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये १४ च्या आसपास. म्हणजे सातपट दाब. त्यावर भरल्या आसाचे वजन, ते तर नांगराच्या फाळाखाली पोचते. आपली रब्बी ज्वारी जगते कशावर? जमिनीत मुरलेल्या ओलीवर. जमीन दाबली गेली की पाणी मुरत नाही आणि मूळ खाली जात नाही. काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि काही अंशी स्वतःच सुटते, हा तिचा मोठेपणा. पण दर वर्षी ओलीतच चाक घातले तर ती तरी किती सोसेल?

म्हणून माझे सांगणे असे आहे. वावरात गाडी घालण्याआधी वीतभर खालची माती हातात घ्या आणि वळी वळून बघा. वळी वळली तर गाडी आत नको, भुगा झाला तर चालेल. आत जायचेच तर बांधाच्या कडेने एकच ठरलेली चाकोरी ठेवा, सगळे वावर तुडवू नका. आणि ज्याचे काम त्याने करावे. वावरापासून डांबरापर्यंत टायरची बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली, डांबरापासून पुढे पिकअप किंवा ट्रक. आपल्याकडे देवणी आणि लाल कंधारीसारखी जनावरे आहेत. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी बैलजोडीइतके अक्कलवान वाहन अजून कोणत्या कारखान्याने काढलेले नाही. चार शेतकऱ्यांनी डांबरावर एका ठिकाणी माल आणला तर एक गाडी भरते आणि भाडे ठरवताना आपला शब्द चालतो.

ट्रॉलीचा टायर मात्र वेगळ्या कारणाने मरतो. तो चालून झिजत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. वर्षातले सात-आठ महिने ट्रॉली उन्हात, हवा गेलेल्या टायरवर उभी असते. रबराला बारीक चिरा पडतात आणि भरल्या खेपेला टायर फुटतो. हंगाम संपला की आसाखाली दगड लावून चाके अधांतरी करा आणि त्यांवर पोती टाका. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू नये यासाठी हे आकडे वाचायला शिका. रिमोल्ड केलेला टायर मागे चालेल, पुढच्या चाकाला कधीही नको. आणि पऱ्हाटीच्या वावरात खुंट तासल्याशिवाय ट्रॉली घालू नका. तिरपा कापलेला वाळका खुंट झिजलेल्या टायरमध्ये खिळ्यासारखा घुसतो.

इथे एक गोष्ट जड मनाने सांगतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींचा जीव गेला. टायरमुळे गेला असे मी म्हणत नाही. पण ट्रॉली मालासाठी आहे. निसरड्या वाटेवर, काठ नसलेल्या विहिरीच्या कडेने, तिच्यात वेचणीच्या बाया बसतात, हे आपण रोज पाहतो आणि गप्प राहतो. ओली वाट असेल त्या दिवशी माणसांनी खाली उतरून चालत जावे, एवढे तरी आपल्या गावात आजपासून सुरू करा.

आता टायरच्या भावाचे. आपला कापूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोलीवर विकला जातो. टायरचा भाव कसा ठरतो? जुना काढून नवा घालायच्या नायलॉन टायरचे भाव संगनमताने ठरवले, असा ठपका ठेवून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाच मोठ्या टायर कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला मिळून १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड लावला. तो आदेश लोकांपुढे आला २०२२ मध्ये आणि त्याच वर्षाच्या शेवटी अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. कोर्टाचे काम कोर्ट करील. आपण एवढे शिकावे की विकणारे एकत्र बसू शकतात तर घेणाऱ्यांनाही एकत्र बसता येते. गावातल्या दहा ट्रॉल्या आणि चार पिकअपचे टायर एकदम घ्या. आयएसआय चिन्ह, तारीख आणि पक्के बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि ट्रक-पिकअपच्या टायरवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो फरक बिलात दिसला पाहिजे. गावात हवा मोजायचे एक मीटर सामाईक ठेवा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर हजारोंचा टायर सोडू नका.

आणि शेवटचे. कितीही चांगला टायर घेतला तरी तो रस्त्याची जागा घेत नाही. ज्यांच्या दारापर्यंत डांबर जाते त्यांना दातांचा टायर लागत नाही. आपण दुकानात जो जास्तीचा पैसा मोजतो तो न झालेल्या रस्त्याचा कर आहे. २०२१ मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली. तिच्यात आपल्या गावाचा कोणता रस्ता घेतला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. आणि हेही कबूल करा की पाणंद पुष्कळ वेळा सरकारने खाल्लेली नसते. दोन्हीकडचे बांध दर वर्षी वीतभर पुढे सरकवून ती आपणच खाल्लेली असते. तिथे तहसीलदाराआधी आपण आपसात बसले पाहिजे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत. आपल्या शिवारातल्या कच्च्या वाटा किती किलोमीटर आणि डांबरापर्यंतचे व शेतापर्यंतचे भाडे यांत क्विंटलमागे किती रुपयांचा फरक. हे आकडे हातात आले की तहसीलवर काय मागायचे ते मला सांगावे लागणार नाही.

जय किसान.