दोन देशींच्या दोन वादिनी

इ. स. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेस स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा सुनावण्यांत आली. पुढें अपिलांत ती कमी झाली. ह्या निमित्तानें वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर दोषारोपांचा वर्षाव सुरू झाला. विधवेस मोहांत पाडणारा पुरुष निर्दोष कसा, हा उलट सवाल बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं केला. 'स्त्रीपुरुषतुलना' हा त्यांचा निबंध १८८२ सालीं पुण्यांत छापला गेला. पत्नी निवर्ततांच पुरुषानें दुसरी करावी आणि पति निवर्तल्यावर स्त्रीनें जन्मभर कोपऱ्यांत बसावें, ह्या न्यायाची त्यांनीं जी झडती घेतली, ती आजहि झोंबल्यावांचून राहत नाहीं.

पंचवीस वर्षांनीं हाच वाद एका चिनी विदुषीनें मांडला. एकीस दुसरीचें नांव ठाऊक असण्याचा संभव नव्हता. हो-यिन झेन ही १९०७ सालीं टोकिओंत राहून 'तिएन-यी' हें नियतकालिक चालवीत असे. पित्याच्या आडनांवास तिनें मातेचेंहि जोडून घेतलें होतें. विवाहित स्त्रीच्या चिनी अक्षरांत बाई आणि केरसुणी असते, असें जुने कोशकार सांगतात. दास्य लिपींतच कसें कोरलें गेलें, हें हो-यिन झेननें त्यावरून दाखविलें. कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील विद्वानांस तिनें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. स्त्रियांची मुक्ति पुरुष स्वतःच्या कीर्तीसाठीं व सोयीसाठीं मागतात, असा तिचा रोकडा आक्षेप होता. सभांत नुसतीं भाषणें करणाऱ्या सुधारकांवर ताराबाईंनींहि कोरडे ओढले होतेच.

मात्र ताराबाईंची दृष्टि मुख्यतः घर, रूढि आणि शास्त्र ह्यांवर राहिली. हो-यिन झेन मालमत्ता व मजुरी ह्यांपर्यंत गेली. कारखान्यांत काम मिळालें म्हणजे स्त्री मुक्त झाली, हें तिला मान्य नव्हतें. तिच्या मतें त्यानें केवळ धनी बदलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचें उपनगर झालेल्या विक्रोळीच्या श्रोत्यांस हें निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं. पाळी संपवून परतलेल्या बाईस घरीं चूल थांबलेली असते, पुरुषास चहा.

ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. महात्मा फुले ह्यांनीं त्यांची बाजू घेतली, तरी निबंध विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे ह्यांनीं तो पुन्हां प्रकाशांत आणला. 'तिएन-यी' १९०८ सालींच बंद पडलें.