दुर्बीण परदेशची, जबाबदारी आपली

(मार्कंडा येथे सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी जमलेल्या आपणांस रानडुकरांचा उपद्रव सांगण्याची आवश्यकता नाही. रात्र-रात्र मळ्यावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात बंदूक येते. परदेशातील नातलगाकडून रायफलची दुर्बीण मागवावी, असेही कोणास वाटते.

येथे सावध व्हावे. डोळ्यांना लावायची दुर्बीण निराळी, शस्त्रावर बसवायची निराळी. सीमाशुल्काच्या दरपत्रकातही दोहोंच्या नोंदी स्वतंत्र आहेत. अमेरिकेचा वाणिज्य विभाग अशा दुर्बिणींच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील 'शस्त्रे' या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात आणि कलम १० अन्वये परवान्याविना शस्त्रांची आयात करता येत नाही. म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात व सीमाशुल्क खात्याकडे लेखी विचारणा करावी.

पीकसंरक्षणासाठी याच अधिनियमात भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेले रानडुक्कर मारण्यासही प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. चपराळ्यासारख्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही.

पिकाचे नुकसान झाल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. हा अर्ज वेळेत लिहून देण्यास सरपंच व गुरुजी यांनी साहाय्य करावे. अज्ञानापोटी एखादा कष्टकरी न्यायालयाच्या दारी उभा राहू नये, एवढीच विनंती.