पडद्यापलीकडचा विद्यार्थी

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये यंत्र आले की जिव्हाळा आटतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हे मत अधिकच दृढ झाले. मला ते अर्धेच खरे वाटते. का, ते पहा.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे निघाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. मंडळी एकत्र बसून ऐकत, आणि रेडिओ बंद झाला की खरी गंमत सुरू होई. चर्चा होत, वाद होत, उरलेल्या शंका पुण्याला लिहून जात. मागाहून पाहणी झाली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची भर स्पष्ट दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी नव्हे. पेटी तीच, आवाजही तोच! पण एका ठिकाणी लोकांना उलट बोलता येत होते.

पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घरी पुस्तक, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र, आणि तिथे भेटणारा समंत्रक. त्याचे एक विभागीय केंद्र आपल्या नागपुरातही आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला, संसारी बाईला ही सोय मोठीच. आता या जोडीला फोन आला.

फोनवर होते काय? वर्गाचा गट बनतो. शिक्षक त्यात धड्याची चित्रफीत टाकतात, भराभर अंगठे वर येतात, आणि आपण समजतो, विषय कळला! अहो, अंगठा ही नुसती पोच. चारचौघांत ‘मला समजले नाही’ असे लिहायला धीर लागतो. वर्गात मी कपाळावरची आठी पाहून वाक्य पुन्हा सांगतो. पडद्यावर काळे चौकोन दिसतात. कॅमेरा बंद ठेवणारा मुलगा आळशीच असतो, असेही नाही. एका खोलीच्या घरात मागची चूल आणि धाकटी भावंडे दिसू नयेत, एवढीच त्याची इच्छा असते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचे म्हणणे असे की, शिक्षणातले अंतर मैलांनी मोजायचे नसते. संवाद घटला की ते वाढते. म्हणजे ते सीताबर्डीवरच्या वर्गातही असू शकते, पहिल्या आणि शेवटच्या बाकात.

आणि याच फोनवर उलटेही घडते. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी मुलगी रात्री दहाला एकटीच विचारते, ‘सर, दुसरा प्रश्न कळला नाही. रागावू नका.’ हा धीर तिला यंत्राने दिला. पण शिक्षकालाही घर आहे. मध्यरात्रीपर्यंत तो किती जणांना उत्तरे देणार? म्हणून आठवड्यातले दोन तास या बोलण्यासाठी ठरवून द्यावेत, आणि ते महाविद्यालयाने त्याच्या कार्यभारात धरावेत. चित्रफितीचे तास मोजायचे आणि हे उपकार समजायचे, हा हिशेब मला पटत नाही.

दोन स्वाध्याय आले नाहीत, तर तिसऱ्याची वाट पाहू नये. सरळ फोन करावा, आणि तोही परीक्षेच्या अर्जाची मुदत संपण्याआधी. बहुधा पलीकडून कळते की पीक काढणीला आले होते, किंवा घरात कोणी आजारी होते.