वेरीनाग : वितस्तेचे उगमकुंड



श्रीनगरहून दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरांवर, पीरपंजाल पर्वताच्या पायथ्याशी, वेरीनाग हे गाव वसले आहे. तेथील मोगलकालीन उद्यान सर्वांस खुले आहे. यात्रिक चिनारांच्या सावलीतून चालत कमानीपाशी येतो, आत शिरतो आणि अष्टकोनी कुंडाच्या काठी स्तब्ध उभा राहतो. नदीचा उगम म्हणजे खळाळता प्रवाह, ही त्याची कल्पना येथे फोल ठरते. निळसर गहिरे जल निःशब्द असते. त्यात मासे संथपणे फिरत असतात. परंतु कुंडातून निघालेला पाट उद्यानाच्या मध्यातून ज्या वेगाने धावतो, तो पाहिला म्हणजे तळाशी केवढा जिवंत उमाळा आहे याची साक्ष पटते. हीच वितस्ता, आजची झेलम.

'नाग' म्हणताच मराठी मनास फणा आठवते. काश्मिरी भाषेत मात्र नाग म्हणजे झरा. अनंतनाग, कोकरनाग ही नावे त्याच अर्थाची. नीलमतपुराणात नील हा नागांचा अधिपती मानला आहे आणि वेरीनाग हे त्याचे स्थान समजले जाते. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस काश्मिरी पंडित वितस्तेचा जन्मदिन पाळतात. झरा आणि त्याचा रक्षक यांस एकच नाव देणाऱ्या परंपरेचे मर्म यातच आहे.

१६२० च्या सुमारास जहांगीर बादशहाने हे कुंड दगडांनी बांधून काढले. पुढे शहाजहानच्या काळात पाटाचे व उद्यानाचे काम झाले. आपला देह येथेच विसावावा अशी जहांगीराची इच्छा होती, असे सांगतात. पण १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना तो वाटेतच निवर्तला आणि त्याचे दफन लाहोरजवळ झाले. बादशहास काठ बांधता आला. पाणी त्याच्या आज्ञेतले नव्हते.

ते पाणी येते पर्वतावरून. तेथील हिम व पाऊस चुनखडीच्या भेगांतून खोल झिरपतो आणि पायथ्याशी पुन्हा प्रकट होतो. पर्वतावर हिम न पडले तर काय होते, हे याच जिल्ह्यातील अच्छबलच्या मोगल उद्यानाने दाखविले. सतराव्या शतकात बर्निए या फ्रेंच प्रवाशास तेथील झरा झऱ्यापेक्षा नदीसारखाच भासला होता. तोच झरा फेब्रुवारी २०२५ मध्ये, कोरड्या हिवाळ्यानंतर, काही काळ आटला. उद्यान जागच्या जागी होते, कारंजी होती, पायऱ्या होत्या. परंतु त्या पाण्यावर विसंबलेल्या गावांच्या घागरी रित्या राहिल्या.

म्हणून वेरीनागच्या काठी उभ्या राहणाऱ्या यात्रिकाने ओंजळभर पाणी घेऊन समाधान मानू नये. मान वर करून पर्वताकडेही पाहावे. कुंड हे त्या पर्वताचे केवळ मुख होय. तीर्थाचे रक्षण काठाच्या दगडांपाशी संपत नाही. ते पर्वतावरील वनापासून, हिमापासून सुरू होते. हे ज्याने ओळखले, त्याचीच तीर्थयात्रा सफल झाली.