आभाळातून माणूस उतरतो, तेव्हा आपण कुठं उभे असतो?

शेतात असाल, एसटीत असाल, नाहीतर अभ्यासिकेतून नुकतेच बाहेर पडला असाल, तर दहा-बारा मिनिटं द्या. मी जळकोटहून बोलतोय आणि आजचा विषय आहे स्कायडायव्हिंग. उडीबद्दल थोडंच बोलणार आहे. जास्त बोलायचंय ते उडी मारणारा जिथं उतरतो त्या जागेबद्दल आणि त्या जागेभोवती जमणाऱ्या आपल्यासारख्या माणसांबद्दल.

आता काही जण म्हणतील, "जळकोटात कुठलं आलंय स्कायडायव्हिंग?" बरोबर आहे. बालाघाटाच्या डोंगरातला आपला तालुका, इथं विमानाची धावपट्टी नाही. पण आभाळातून आपल्याकडं काहीच उतरत नाही असंही नाही ना! निवडणूक आली की शाळेच्या मैदानावर चुन्यानं गोल आखतात, मधे 'एच' काढतात, झालं हेलिपॅड. नवरीला हेलिकॉप्टरनं आणायची हौस मराठवाड्यातल्या गावांनी पाहिलीय. आणि वर घरघर ऐकू आली की आपण काय करतो? हातातलं काम टाकून पळत सुटतो. त्याच्याच दिशेनं.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. २५ मे २०१७, निलंगा. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि थोड्याच वेळात खाली आलं. विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीला लागूनच आदळलं. आतले सगळे वाचले. धुरळ्यात खाली येणाऱ्या त्या हेलिकॉप्टरचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल.

तिथं कोण कसं वागलं याचा निवाडा मला करायचा नाही. पण त्या जागेचा विचार करा. तुटलेल्या तारा, टाकीत इंधन, फिरणारी पाती. तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी. तिथं आपण असतो तर आपलं पहिलं पाऊल कुठं पडलं असतं?

मी सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर असतो. सोळाशे मीटर, गोळाफेक, मग सावलीला बसून गप्पा. एकदा त्यांना विचारलं, "पॅराशूटवाला समोरच्या रानात जोरात आदळला तर काय कराल?" एका सुरात उत्तर आलं, "उचलायचं सर!" दुसरा म्हणाला, "पाणी पाजायचं." तिसरा हळूच म्हणाला, "व्हिडिओ काढायचा." सगळे हसले. पण उत्तरं प्रामाणिक होती, आपल्याकडं हेच तीन प्रकार होतात. आणि पहिल्या दोन उत्तरांमागं तर मनाचा चांगुलपणाच आहे. म्हणूनच बोलायला हवं. चांगल्या मनानं केलेली घाईसुद्धा माणसाला कायमचं खाटेवर टाकू शकते.

आधी उतरणं समजून घेऊ. विमानातून उडी मारल्यावर माणूस पोटावर आडवा असेल तर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. मग पॅराशूट उघडतं. आपल्याला वाटतं, आता धोका संपला. पण या खेळातल्या जखमांचा मोठा वाटा पॅराशूट नीट उघडल्यानंतरचा, म्हणजे जमिनीवर टेकतानाचा असतो. आजचं चौकोनी पॅराशूट छत्रीसारखं सरळ खाली येत नाही. ते पतंगासारखं पुढं धावतं. म्हणून उडीमार वाऱ्याकडं तोंड करून उतरतो आणि पाय टेकायच्या ऐन क्षणी दोन्ही हातांतल्या दोऱ्या खाली ओढतो. ते जमलं तर दोन पावलं चालत थांबतो. नाही जमलं तर घोटा, टाच, नडगी, कंबर.

आता समजा, त्याच्या वाटेत अचानक कुणीतरी धावत आलं. त्याला चुकवायला उडीमार कमी उंचीवर वळतो. वळताना पॅराशूट तिरकं होतं आणि एकदम वेगानं खाली जातं. वर असताना हेच वळण साधं असतं. जमिनीजवळ ते जिवावर बेततं. म्हणजे "धर रे त्याला" म्हणत पुढं पळालेला माणूसच अपघाताचं कारण होऊ शकतो.

त्यासाठी उतरण्याच्या जागेवर नियम असतात. अमेरिकेतल्या उडीमारांच्या संघटनेचा नियम असा की नवशिका जिथं उतरणार, तिथून चारी बाजूंना निदान ३३० फुटांपर्यंत अडथळा नको. झाडांची रांग, इमारती, तारा, काही नको. वारा कळावा म्हणून कापडाचा पिसवा लावलेला असतो. आणि बघणाऱ्यांसाठी साधा नियम: बाहेर असाल तर बाहेरच राहा. चुकून मधे सापडलात तर सैरावैरा पळू नका, जागच्या जागी उभे राहा. वरच्याला तुम्ही दिसता. तुम्ही स्थिर असाल तर तो तुम्हाला चुकवू शकतो. तुम्ही डावीकडं जाणार की उजवीकडं, हे त्याला वरून कसं कळणार?

आपल्या महाराष्ट्रातलं या खेळातलं मोठं नाव म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन, पद्मश्री. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर! २०१८ मध्ये थायलंडला पट्टायात नऊवारी नेसून उडी मारली. आपण ते फोटो बघतो, लाइक करतो. पण अशा प्रत्येक उडीच्या वेळी खाली कुणीतरी वाऱ्यावर लक्ष ठेवून असतं, जागा मोकळी ठेवत असतं. ती माणसं फोटोत येत नाहीत.

खाली तयारी असली की काय होतं, ते २०२५ च्या जानेवारीत विशाखापट्टणमला दिसलं. नौदलाच्या प्रात्यक्षिकाची रंगीत तालीम होती. दोन अधिकाऱ्यांची पॅराशूटं हवेत एकमेकांत गुंतली आणि दोघं समुद्रात पडले. नौदलाच्या बोटीनं त्यांना बाहेर काढलं, दोघंही वाचले. किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी होतीच. पण त्या दोघांना हात मिळाला तो ज्यांचं ते कामच होतं त्यांचा.

आपल्या शिवारात बोट नसते, पथक नसतं. उदगीरहून किंवा लातूरहून गाडी यायला वेळ लागतो. तोवर जे करायचं ते तिथं उभ्या असलेल्यांनीच. म्हणून मी पोरांना सांगितलं, गर्दी पन्नास जणांची असू द्या, पण कामं पाच वाटून घ्या. तुम्हीही ऐका.

पहिलं काम, थांबून बघणं. दहा सेकंद. वर तार आहे का? पाती फिरतायत का? पेट्रोलचा, रॉकेलसारखा वास येतोय का? पॅराशूट तारेवर अडकलं असेल तर माणसाला, कापडाला, दोरीला, कशालाच हात नाही. बांबूनं काढू म्हणायचं नाही, अकरा हजाराच्या लाइनला बांबू कळत नाही. सगळ्यांना लांब हटवा, महावितरणच्या १९१२ ला आणि आपल्या वायरमनला फोन करा. आणि "लाइट गेलीय, तार मेलीय" असं समजू नका. आपल्याकडं लाइट गेल्यावर ती कधी येईल हे कुणी सांगावं? सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याचं पक्कं कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. हेलिकॉप्टर असेल तर मागच्या पंख्याकडं कधीच जायचं नाही. तो फिरताना दिसतसुद्धा नाही. आणि आपला भाग डोंगराळ, म्हणून हेही ध्यानात ठेवा: उतारावर उतरलेल्या हेलिकॉप्टरकडं वरच्या अंगानं जायचं नाही, त्या बाजूला पाती डोक्याच्या उंचीवर येतात.

दुसरं काम, फोन. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसह बाकी मदतीसाठी. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. फोनवर "लवकर या, लवकर या" एवढंच ओरडून उपयोग नाही. गाव कुठलं, शिवार कुठलं, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, माणसं किती, शुद्धीत आहेत का, हे सांगा. पलीकडचा माणूस ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच कुणी करत नाही. एकानं मोटारसायकल काढून फाट्यावर जाऊन थांबायचं. रुग्णवाहिका डांबरीवरून पुढं निघून जाते आणि इकडं माणूस तुरीच्या रानात पडलेला असतो. वाट दाखवणारा एक पोरगा असला तर वेळ वाचतो, आणि इथं वेळ म्हणजे जीव.

चौथं काम, जखमीजवळ एक किंवा दोघं. फक्त दोघं. पॅराशूट वाऱ्यानं फुगून त्याला फरफटत नेत असेल तर कापडाचं एक टोक धरून ओढा, एका बाजूनं हवा गेली की ते बसतं. दोऱ्या हाताला गुंडाळू नका, बोटं जातील. त्याच्या पाठीवरच्या पिशवीच्या मुठी ओढू नका. राखीव पॅराशूट आत स्प्रिंगवर बसवलेलं असतं, ते उसळून बाहेर येतं. हेल्मेट काढू नका, श्वासच अडला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि उचलू नका. हे मी पुन्हा सांगतो. दोघांनी हात, दोघांनी पाय धरून टेम्पोत टाकायचं, ही आपली पद्धत. उंचावरून टाचेवर आदळलेल्या माणसाचा कणाही मोडलेला असू शकतो, म्हणून टाच मोडली की डॉक्टर पाठही तपासतात. तो मोडलेला कणा आपल्या उचलण्यानं सरकला तर आतली मज्जारज्जू दुखावते, आणि कालपर्यंत पळणारा पोरगा आयुष्यभर चाकाच्या खुर्चीवर बसतो. आग लागली, तार पडायला आली, तरच हलवायचं. नाहीतर एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. "हलू नको भावा, गाडी येतीय." रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं. पाणी नाही, चहा नाही. पाणी घशात अडकू शकतं आणि ऑपरेशन लागलं तर अडचण होते. श्वासच नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत.

पाचवं काम गर्दीचं. ज्याचा आवाज मोठा, त्याला हे द्या. गोल मोठा करा, हवा येऊ द्या, गाडीला वाट ठेवा. आणि मोबाइल खाली. जखमीची आई तो व्हिडिओ तुमच्या स्टेटसवर पाहू शकते, एवढं एकच वाक्य मी पोरांना सांगितलं. मघाशी व्हिडिओ म्हणणारा पोरगा तेव्हा हसला नाही.

तुम्ही म्हणाल, पॅराशूटवाला आपल्याकडं कधी येणार? कदाचित कधीच नाही. पण मोटारसायकल घसरते, आंब्याच्या झाडावरून माणूस पडतो, विहिरीवर काम करताना पाय सटकतो. तिथंही कामं हीच आहेत. आधी धोका बघा, फोन, फाटा, दोघं जवळ, बाकीचे लांब. "पोलिसांचं लफडं नको" म्हणून मागं सरकणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला रस्ता अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. वाहन अपघातात चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटल्याची तलवार राहत नाही. नाव सांगायचं की नाही, हेसुद्धा तुमच्या मर्जीवर.

तर आज एवढंच करा. तुमच्या ग्रुपमधल्या पाच जणांनी पाच कामं ठरवून ठेवा. फोन कोण करणार, फाट्यावर कोण जाणार, डोकं कोण धरणार, गर्दी कोण हटवणार, धोका कोण बघणार. वायरमनचा नंबर सेव्ह करा. पुढच्या सभेला, पुढच्या लग्नाला हेलिकॉप्टर आलं की बघायला जरूर जा. फक्त दोरीच्या अलीकडं थांबा, आणि लहान पोरांचा हात धरून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, दुसऱ्याचीही.