सायकलस्वाराचे शिरस्त्राण



साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी जाड टायरांच्या सायकली दामटीत निघालेली मुले-मुली हल्ली दिसतात. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला, किंवा सांगली-मिरजेकडून दंडोबाच्या डोंगराला जाणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. त्यांच्या डोक्यावर लांब लांब फटी असलेला एक टोप असतो. पाहणारा म्हातारा हसतो नि म्हणतो, "एवढी भोकं पडलेली टोपी डोकं कशी राखणार?" प्रश्न रास्त आहे. आजचे बोलणे त्याच्यापुरतेच.

टोप म्हटला की आपल्याला लोखंड आठवते. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, असे परंपरा सांगते. तिथे धोका तलवारीचा होता, आणि पात्याला अडवायला कठीण धातूच हवा. सायकलवरून पडणाऱ्याचा वैरी निराळा. त्याला जमीन मारते, आणि मारते ती डोके एकाएकी थांबवून. कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आदळतो. अशा वेळी नुसते लोखंड काय करणार?

आंब्याच्या पेटीत आपण पेंढा घालतो. पेंढा दबतो म्हणून आंबा वाचतो. सायकलच्या टोपात वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, आणि खरे काम करणारा थर आतला, आपल्या थर्माकोलच्या जातीचा पण अधिक घट्ट. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सायकलवर बसलेल्याच्या डोक्याच्या सुमाराच्या उंचीवरून, पडलेली वस्तू जमिनीला टेकताना ताशी सुमारे २० किलोमीटर वेगात असते. सायकल उभी असली तरी हा हिशेब चुकत नाही. हा वेग उघड्या दगडावर दोन-चार मिलिमीटरांत थांबतो. थर दबला तर दोन सेंटिमीटरांत थांबतो. अंतर पाच-दहा पट वाढले की धक्का तितकाच कमी होतो. गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवण्याजोगे हे गणित आहे.

टोप स्वतः चिरडून डोके वाचवतो, हे ध्यानात घ्यावे. म्हणून एकदा जोराने आपटलेला टोप वरून धड दिसला तरी बाद समजावा. दबलेला थर पुन्हा फुगत नाही.

आता त्या भोकांविषयी. घाट चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटरांवर येतो, वारा लागत नाही, अंगाची मेहनत मात्र पराकोटीची. बंद टोपात डोके उकडून निघते, आणि माणूस तो काढून हँडलला अडकवतो. हे पट्टीच्या शर्यतवाल्यांनीही केले आहे. १९९१ साली फ्रान्समधल्या पॅरिस-नीस शर्यतीत टोपाची सक्ती येताच स्वारांनी संप केला. उकाड्याची त्यांची तक्रार होती, आणि सक्ती मागे घ्यावी लागली. २००३ साली त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा स्वार टोपाशिवाय पडला आणि डोक्याच्या माराने गेला. त्या वर्षी सक्ती परत आली, तरी शेवटच्या चढावर टोप काढण्याची मुभा सुरुवातीला ठेवलीच होती. तेव्हा चैत्र-वैशाखातल्या सांगलीच्या उन्हात टोप डोक्यावर टिकायचा तर हवा खेळलीच पाहिजे. चांगल्या टोपात पुढच्या फटीतून शिरलेली हवा आतल्या पन्हळींतून केसांवरून फिरून मागे बाहेर पडते. फटींमधल्या पट्ट्या जाड आणि घट्ट ठेवलेल्या असतात, म्हणून भोके असूनही धक्का झेलला जातो.

डोंगरी वाटेवरच्या टोपात आणखी दोन गोष्टी पाहाव्या. तो मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर खाली उतरलेला असावा, कारण चढावर सायकल मागे उलटते तेव्हा मार तिथेच बसतो. आणि पुढे छोटी पडवी असावी. करवंदीचे फाटे आणि ऊन दोन्ही अडते. (कासच्या पठारावर फुलांत मात्र कोणी चाक घालू नये. रस्ता आहे, तो पुरे.)

मोटारसायकलचा टोप चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. तो भक्कम खरा, पण वजन किलोच्या पुढे. सायकलचा टोप पाव किलो ते चारशे ग्रॅम. जड टोप घालून पोर यवतेश्वर चढणार नाही, वाटेत काढून ठेवील. कायद्याची सक्ती आपल्याकडे मोटारसायकलला आहे, साध्या सायकलला नाही, म्हणून हे काम घरच्यांवर आणि शाळेवर येते. आणि टोप म्हणजे कवचकुंडले नव्हेत. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्याला तो वाचवू शकत नाही.

घेताना शिंप्याची टेप घ्या. भुवईच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून डोक्याचा घेर मोजा, आणि त्या सेंटिमीटरांचा टोप मागा. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून मोठा घेऊ नका. तो सदऱ्याला चालणारा हिशेब आहे. टोप कपाळावर आडवा बसावा, भुवईच्या वर दोन बोटे. पट्टे कानाखाली एकत्र यावेत, हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतकेच सैल. खाली गांधी टोपी ठेवू नये, अंबाडाही नको. वेणी मोकळी सोडावी. मग पट्टा लावून मुलाला मान जोराने हलवायला सांगा. टोप डोळ्यांवर आला किंवा मागे सरकला, तर दुकानदाराला दुसरा काढायला लावा.