वॉलायसाठी कुठलं आमिष? रंगाचा प्रश्न शेवटी

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मे महिना जवळ आला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न यायला लागतो. "अरे, वॉलायसाठी कुठला रंग घेऊ?" विचारणारे बहुतेक आपलेच. नोकरीसाठी मिनिआपोलिसला नाहीतर क्लीव्हलंडला आलेले, पहिल्यांदाच मासेमारीचं लायसन्स काढलेले, आणि दुकानात भिंतभर टांगलेली रंगीबेरंगी आमिषं बघून गांगरलेले. आज त्याचंच बोलू. माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही, कारण रंग हा मी सगळ्यात शेवटी विचारतो.

आधी माशाची ओळख. वॉलाय म्हणजे गोड्या पाण्यातला, सोनेरी-हिरवट अंगाचा शिकारी मासा. १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. कॅनडात पुष्कळ ठिकाणी यालाच पिकरेल म्हणतात. मांस पांढरं, चव सौम्य, रवा लावून तळला तर घरच्यांना वेगळं काही समजवावं लागत नाही. पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याचे डोळे. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, मांजरीच्या डोळ्यात असतो तसा. रात्री बॅटरी मारलीत तर डोळे चमकतात. त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला दिसतं, आणि तो ज्याला खातो त्या पर्च माशाला तितकं दिसत नाही. म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, किंवा वाऱ्याने पाण्यावर लाटा उठलेल्या असताना वॉलाय खायला निघतो. भर दुपारी, निवांत काचेसारख्या पाण्यावर जगातलं सगळ्यात महाग आमिष टाकलंत तरी बऱ्याचदा नुसतं ऊनच खायचं.

आता पहिला खरा प्रश्न: मासा किती खोल आहे, आणि माझं आमिष तिथे पोचतंय का? आमचं गाव देवगडच्या बाजूला. तिकडे गरवायला जाणारा माणूस आधी पाण्याची ओढ बघतो, मग शिसं निवडतो. गरीवर काय लावायचं ते नंतर. इथेही अगदी तेच. वॉलाय बहुतेक वेळ तळाजवळ असतो. जिग म्हणजे डोक्याला वजन ओतलेला गळ. त्याचा ढोबळ हिशेब असा, की दर दहा फूट खोलीला साधारण एक अष्टमांश औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम. वारा असेल, बोट वाहत असेल, तर त्याहून जड. तळाला टेकल्याचा 'टक्' हाताला कळला पाहिजे. तो कळत नसेल तर तुम्ही मासेमारी करत नाही आहात, दोरी धुताय.

गेल्या जूनची गोष्ट सांगतो. मी आणि एक मित्र एकाच बोटीत, अठरा फूट पाणी, वारा बऱ्यापैकी. त्याच्या दोरीला एक षोडशांश औंसाचा गुलाबी जिग. तासभर काही नाही. मग त्याने पाव औंसाचा पोपटी जिग लावला आणि अर्ध्या तासात तीन वॉलाय. "पोपटी म्हणजे जादू आहे रे!" मी डब्यातून पाव औंसाचा गुलाबी काढून लावला. मलाही दोन लागले. आमच्या धंद्यात बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही. मासेमारीत लोक वजन, आकार, रंग असं तिन्ही एकदम बदलतात आणि श्रेय रंगाला देतात. कारण डोळ्यांना रंगच दिसतो ना.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि वेग ठरतो पाण्याच्या तापमानावरून. मे महिन्यात हंगाम उघडतो तेव्हा इथलं पाणी बहुतेक वर्षी थंडच असतं, पन्नास फॅरनहाइटच्या आसपास. मासा सुस्त असतो, पाठलाग करत नाही. तेव्हा जिगला छोटा मासा, मिनो, लावायचा आणि तळावरून सावकाश सरकवायचा. जूनमध्ये पाणी तापलं की जळू आणि गांडूळ. हो, जळूच. दुकानात फ्रीजमध्ये डब्यातून मिळते, घरी फ्रीजमध्ये ठेवायची तर बायकोला आधी सांगून ठेवा. या दिवसांत लिंडी रिग चालते. मिनेसोटातल्या लिंडनर बंधूंनी ती प्रसिद्ध केली. दोरी शिशातून मोकळी सरकते, त्यामुळे माशाने आमिष तोंडात घेतलं तरी त्याला वजन जाणवत नाही. भर उन्हाळ्यात मात्र मासा तेज असतो. तेव्हा क्रँकबेट बोटीमागे ताशी दोन मैलांच्या आसपास ओढायचं. एरी सरोवरावर तर हाच मोठा प्रकार. क्रँकबेटच्या तोंडाशी जी प्लॅस्टिकची जीभ असते ती जितकी लांब, तितकं ते खोल जातं. घेताना रंगाआधी ती जीभ बघा आणि खोक्यावर लिहिलेली खोली वाचा.

आणि एक अपवाद, जो मला फार आवडतो. रपाला कंपनीचा जिगिंग रॅप. बनवला बर्फातल्या भोकातून मासे धरायला, पण लोक आता उन्हाळ्यातही वापरतात. जड असतो, झटका दिला की वर उसळतो आणि तिरका घसरत खाली पडतो. भूक नसलेला वॉलायसुद्धा त्यावर झडप घालतो. समोरून काहीतरी पळालं की मांजर पंजा मारतं ना, तसं.

मग पाणी किती स्वच्छ आहे ते. गढूळ पाण्यात माशाला दिसण्याआधी जाणवतं. अंगावरच्या पार्श्वरेषेने तो पाण्यातली थरथर टिपतो. म्हणून तिथे गोल पात्याचा स्पिनर, कोलोरॅडो म्हणतात तो, जो जोरात धडधडतो. स्वच्छ पाण्यात लांबट विलो पातं, लहान आमिष, बारीक दोरी.

आता या रंगाचं. वॉलायच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या मुख्य पेशी दोन प्रकारच्या, एक हिरव्याकडची आणि एक नारिंगी-लालकडची. त्यामुळे पोपटी आणि नारिंगी हे रंग जे वर्षानुवर्षं चालतात, त्यामागे निव्वळ अंधश्रद्धा नाही. चहासारख्या तपकिरी पाण्यात, म्हणजे लेक ऑफ द वूड्ससारख्या ठिकाणी, सोनेरी रंग चालतो, स्थानिक लोक डोळे मिटून तोच लावतात. स्वच्छ पाण्यात पर्चसारखा किंवा चंदेरी. झालं. एवढ्यावर चार रंग पुरतात. बाकीची भिंत माणसं गळाला लावण्यासाठी आहे.

पण ज्या गोष्टीसाठी मला हा भाग करायचा होता ती वेगळीच आहे. मिल लॅक्स. लिहितात असं, उच्चार 'मलॅक्स'. मिनिआपोलिसपासून शंभरेक मैल उत्तरेला, एक लाख तीस हजार एकरांहून मोठं सरोवर. आपले बरेच जण पहिल्यांदा तिथेच जातात. तिथल्या वॉलायची संख्या घसरली, आणि २०१६ साली राज्याने नियम केला: पकडलेला प्रत्येक वॉलाय सोडायचा, आणि वॉलायसाठी जिवंत आमिष वापरायचं नाही. जळू नाही, मिनो नाही, फक्त नकली. नंतरच्या वर्षांत नियम सैल झाले, ते दर हंगामात बदलतात, त्यामुळे जाण्याआधी डीएनआरच्या संकेतस्थळावर बघाच.

जिवंत आमिषावरच बंदी का? कारण खरी जळू मासा गिळतो. गळ घशात किंवा पोटात जातो. नकली आमिष तो चावतो, फसवणूक कळते, थुंकायला जातो, आणि गळ जबड्यात अडकतो. जबड्यात अडकलेला मासा सोडला तर सहसा जगतो. खोल गिळलेला बऱ्याचदा मरतो. आपण त्याला सोडतो, तो पोहत जातो, आपण खूश. नंतर मेला तर आपल्याला दिसत नाही, एवढंच.

आणि त्याचा हिशेब होतो. १८३७ च्या करारात ओजिब्वे लोकांनी इथला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्यामुळे मिल लॅक्समधून किती वॉलाय काढायचे त्याचा आकडा ठरतो, आणि तो ओजिब्वे आणि राज्य यांच्यात वाटला जातो. राज्याच्या वाट्यात, म्हणजे तुमच्या-माझ्या वाट्यात, सोडल्यावर मेलेले मासेही धरतात. धक्क्यावर उभं राहिलात तर कुणीतरी ओजिब्वेंच्या जाळ्यांना शिव्या देताना ऐकू येईल. मला ते पटत नाही. जाळ्यातले मासे मोजले जातात. आपण मारून सोडलेल्या माशांचा मात्र अंदाजच बांधावा लागतो.

तेव्हा मासा सोडायचा असेल तर आमिष निवडताना हेही विचारा: हे त्याच्या तोंडात कुठे अडकेल? जळू लावायचीच असेल तर सर्कल हुक घ्या, तो वळून जबड्याच्या कडेला बसतो, फक्त जोरात झटका देऊ नका. क्रँकबेटला दोन तिहेरी गळ असतात, ते माशाला ओरबाडतात. मी त्यांचे काटे पकडीने दाबून सपाट करतो. मासे थोडे जास्त निसटतात, चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सत्तर फॅरनहाइटच्या वर गेलं की सोडलेले मासे जास्त मरतात, त्या दिवसांत मी बासकडे वळतो. आणि तीस फुटांपेक्षा खोल जाऊ नका. तिथून वर ओढलेल्या वॉलायचा वाताशय फुगतो, आणि त्यातली हवा त्याला पटकन बाहेर सोडता येत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझी यादी छोटी आहे. एक अष्टमांश आणि पाव औंसाचे जिग, प्रत्येकी दोन रंगांत. त्यांना लावायला रबरी शेपट्या. एक जिगिंग रॅप. एक उथळ आणि एक खोल जाणारं क्रँकबेट. शिवाय लांब नाकाची पक्कड, आणि ती डब्यात नाही, खिशात ठेवायची. मासा हातात तडफडत असताना डबा उघडून शोधत बसलात तर तेवढा वेळ तो पाण्याबाहेर असतो.

पुढच्या भागात बर्फावरची मासेमारी. तुमचे प्रश्न पाठवत राहा. सरोवराचं नाव आणि पाण्याची खोली लिहा म्हणजे मला काहीतरी सांगता येईल.